उचलून बघू नका

श्रीवर्धनहून माणगावचं रुग्णालय पन्नासेक किलोमीटर. घोणसे घाटात डंपरमागे रखडावं लागलं नाही आणि म्हसळ्याच्या बाजारात गाडी अडकली नाही, तर सव्वा-दीड तास धरायचा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मुख्य रोहिणी तुटली, तर जीव जाण्याइतकं रक्त चार-पाच मिनिटांतसुद्धा वाहून जातं. हे दोन हिशेब शेजारी ठेवले की रक्त थांबवण्याच्या प्रथमोपचाराच्या या पुस्तकाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. श्रीवर्धनला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ च्या रुग्णवाहिकेची सोय आहे. पण गाडी शेखाडीच्या किनाऱ्यावर किंवा एखाद्या आतल्या वाडीत पोचेपर्यंतचा वेळ जवळ उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतो. हा माणूस बहुधा भाऊ असतो, खलाशी असतो, पोफळीच्या वाडीतला गडी असतो, नाहीतर पुण्याहून आलेला पर्यटक.

बाहेरच्यांना श्रीवर्धन ठाऊक असतं ते बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हणून, नाहीतर रोठा सुपारीमुळे. त्या सुपारीच्या वाडीत कोयता रोजचा. आता जोडीला गवत कापायचं पात्याचं यंत्र आलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने माडा-पोफळींचा सडा घातला, तेव्हापासून यांत्रिक करवतही नवलाची राहिलेली नाही. जीवना बंदरावर विंचमध्ये सापडलेला हात, होडीच्या पंख्याने कापलेला पाय, जाळ्यातून पाकट सोडवताना मनगटात घुसलेला तिचा काटा, यांतलं काहीही सांगितलं तरी कोळीवाड्यात कुणी दचकत नाही. ओहोटीला खडकावर कालवं फोडणाऱ्या बायकांचे तळहात एकदा बघावेत. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर शेवाळलेल्या खडकांवरून घसरणारे शनिवार-रविवारचे पाहुणे आणि किनारी रस्त्यावरचे बिनहेल्मेटचे दुचाकीवाले यांची भर वेगळीच.

रक्त किती गेलं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. प्रशिक्षणात आम्ही लाल रंगाचं पाणी ओतून हे दाखवतो. पेलाभर पाणी पांढऱ्या फरशीवर ओतलं की खून पडल्यासारखं दिसतं आणि दोघं-तिघं मागे सरकतात. त्याच्या चौपट पाणी पुळणीवर ओतलं तर वाळू ते पिऊन टाकते, वर नुसता ओलसर डाग उरतो. होडीत पुन्हा उलटं, तळाच्या पाण्यात थोडंसं रक्त मिसळलं तरी सगळं लाल. म्हणून आम्ही मापाच्या नादी लागत नाही. चिळकांडी उडतेय, कपडा भिजून ठिबकतोय, खाली थारोळं वाढतंय, माणूस गार घामाने भिजून असंबद्ध बोलायला लागलाय किंवा एकदम गप्प झालाय, यांतलं एक दिसलं तरी पुरे. तरुण माणसाचं पाऊण लिटर रक्त गेलं तरी तो उठून बसतो आणि 'काही झालं नाही' म्हणतो, त्यावर विश्वास ठेवू नये. पाऊण लिटरच्या पुढे नाडी धावायला लागते, दोन लिटरच्या पुढे हातचा खेळ राहत नाही. वीस किलोच्या पोराच्या अंगात मुळात सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास रक्त असतं, हेही ध्यानात असू द्यावं.

रोहिणीचं रक्त लालभडक आणि नीलेचं काळपट, हा जुन्या पाठ्यपुस्तकांचा लाडका भेद या पुस्तकात मुद्दामच मागे ठेवला आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात दोन्ही काळीच दिसतात आणि पहिला उपाय दोन्हींना एकच: दाब.

इतक्या साध्या गोष्टीपर्यंत पोचायला माणसाला फार वळणं घ्यावी लागली. सुश्रुताने रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखम जुळवणं, थंडाव्याने रक्त गोठवणं, राखेने सुकवणं, आणि कशानेच भागलं नाही तर डाग देऊन शिरा आखडवणं. पट्टी बांधण्याचे चौदा प्रकारही त्याच संहितेत आहेत. आपल्या स्वयंपाकघरातली हळद, चुना, चहापूड आणि बांधावरचा दगडीपाला हे या तुरट-कोरड्या उपायांचेच दूरचे वारस म्हणता येतील. विळीवर कापलेल्या बोटाला ते लागू पडतात, कारण त्याचं रक्त काही न लावताही थांबलंच असतं. कोयत्याने उघडलेल्या पोटरीवर मूठभर हळद टाकली तर रक्त ती वाहून नेतं, आणि जी आत राहते ती पुढे सर्जनला धुऊन काढावी लागते. त्यात दोन मिनिटं जातात ती वेगळीच. घरगुती उपायांची टिंगल मला करायची नाही, पण या बाबतीत हात डब्याकडे जाण्याआधी जखमेवर गेला पाहिजे.

युरोपात सोळाव्या शतकापर्यंत तापलेलं लोखंड हाच मोठ्या जखमेचा भरवसा होता. आंब्रवाझ पारे या फ्रेंच लष्करी शल्यवैद्याने पाय कापताना रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधायचा आग्रह धरला आणि डागणीचा काळ हळूहळू सरला. १७१८ मध्ये झाँ-लुई पेती यांनी स्क्रूने आवळत जाणारा टूर्निके, म्हणजे रक्त अडवायचा पट्टा, आणला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी रबराची पट्टी तर दिलीच, शिवाय सामान्य नागरिकांना हे शिकवायचं असा ध्यास घेऊन कील शहरात वर्ग काढले. इंग्लंडमध्ये १८७७ ला सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन उभी राहिली. तिच्यासाठी पहिली पुस्तिका लिहिणारे सर्जन-मेजर पीटर शेपर्ड जानेवारी १८७९ मध्ये झुलू युद्धात इसांडलवानाला मारले गेले. प्रथमोपचार हा विषय असा रणांगणातून गिरणीत, खाणीत आणि रेल्वेत आला. आपल्याकडे तो आला तो सेंट जॉन, रेडक्रॉस आणि रेल्वेच्या वर्गांमधून. त्रिकोणी पट्टी, झोळी आणि परीक्षेचं प्रमाणपत्र या आठवणी जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरात अजून सापडतील. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस सक्तीचा केला. पेटी भिंतीवर दिसते. तिची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न आपल्याकडे कायम दुय्यम राहिला.

सेंट जॉन-रेडक्रॉसच्या या जुन्या नागरी घराण्याची शिकवण अशी: आधी दाब, मग जखमी अवयव उंच धरणं, मग जखमेच्या वरच्या अंगाला रोहिणीवर बोटं दाबणं, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर टूर्निके. शेवटच्या पायरीला तिने इतकं भिववून ठेवलं की शिकलेली माणसंही तिथवर जात नसत. याला कारण पहिलं महायुद्ध. खंदकात आवळलेले पट्टे तासन्‌तास तसेच राहिले, माणसं जगली पण हातपाय गेले, आणि दोष पट्ट्याच्या माथी आला. तो विलंबाचा होता, हे कळायला बराच काळ जावा लागला. व्हिएतनाममध्ये हातापायाच्या जखमांतून रक्त जाऊन मेलेल्या सैनिकांचे हिशेब निघाले तेव्हा शंका सुरू झाली. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी रणांगणावरच्या उपचाराचे नवे नियम मांडले आणि त्यांत टूर्निके शेवटच्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आला. इराक युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयात २३२ जखमींचा अभ्यास झाला. रक्त जाऊन शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा आवळलेल्यांतले नव्वद टक्के जगले, शॉकनंतर आवळलेल्यांतले दहा टक्के. नुसत्या पट्ट्यामुळे एकही अवयव गेला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर हे लष्करी ज्ञान शाळा-बाजारांत आणायची चळवळ सुरू झाली. २०१५ मध्ये तिला 'स्टॉप द ब्लीड' हे नाव मिळालं. दरम्यान नागरी मार्गदर्शक सूचनांनीही आपली यादी छाटली. अवयव उंच धरणं आणि रोहिणीवर बोटं दाबणं, या दोन्हींचा पुरावा लंगडा निघाला आणि २०१० पर्यंत त्या बाजूला पडल्या. तरीही लष्करी आणि नागरी या दोन घराण्यांचा सूर अजून पुरता जुळलेला नाही. लष्करी माणूस गोळीबारात असतो, त्याला जखमेवर हात ठेवून बसायला सवड नसते, म्हणून तो आधी पट्टा आवळतो. नागरी माणसाला सहसा ती सवड असते, म्हणून त्याचा पहिला उपाय हात. श्रीवर्धनला यातलं काय घ्यावं? माझं मत सांगतो. दाबाने थांबत असेल तर दाबच. हाता-पायाची चिळकांडी दाबाने बधत नसेल, किंवा जखमी एक आणि होडी वल्हवणाराही तोच असेल, तर टूर्निके, आणि तोही न घाबरता. दोन तासांपर्यंत तो सहसा निर्धोक मानला जातो आणि माणगाव त्याच्या आत आहे. पुढे अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठायची वेळ आली तर दोन तास उलटतील. म्हणून आवळल्याची वेळ कपाळावर नाहीतर पट्ट्यावर पेनाने लिहायची. दर पंधरा मिनिटांनी सैल करायची जुनी रीत मात्र पूर्ण सोडायची. तिने रक्त पुन्हा वाहतं, बाकी काही होत नाही.

आवळायचं म्हटलं की कोकणी माणसाला वेगळंच आठवतं. साप चावला की घोट्याच्या वर सुंभ, नाडा, साडीची किनार, हाताला येईल ते करकचून बांधायचं. ही रीत इतकी मुरलेली आहे की रुग्णालयात येणाऱ्या पायावर कधीकधी तीन-तीन बंध असतात. आणि नेमकं तिथेच बांधायचं नसतं. या पट्ट्यातल्या फुरशाच्या विषाने रक्त गोठायची ताकदच जाते, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून रक्त यायला लागतं. बंधाने विष थांबत नाही, बांधलेला भाग मात्र सडू शकतो. चिरा दिला तर ते रक्त थांबता थांबत नाही. तिथे उपाय एकच, पाय न हलवता रुग्णालय आणि प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारं प्रतिविष बनवणाऱ्यांत मुंबईची हाफकिन संस्था जुनी आहे, आणि विंचू-सर्पदंशावरचं मोलाचं काम आपल्याच जिल्ह्यात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं. म्हणजे आपली गंमत अशी की साप चावल्यावर बांधू नये तर आपण करकचून बांधतो, आणि कोयत्याचा घाव बसून चिळकांडी उडते तेव्हा फडकं गुंडाळून 'जास्त आवळू नको रे, हात जाईल' असं एकमेकांना बजावतो. या पुस्तकातलं सर्पदंशाचं प्रकरण काहींना विषयांतर वाटेल. ते काढा, असं हस्तलिखित वाचणाऱ्या एकाने सुचवलंही होतं. मी ते हट्टाने ठेवलं आहे.

आवळायची कला शिकवायला मला बंदरावर कधीच फार वेळ लागला नाही. टूर्निकेचं तत्त्व म्हणजे रुंद पट्ट्याच्या गाठीत दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दांडकं अडकवून टाकायचं. दोरीत काठी घालून ओझं आवळणं ज्याने लहानपणापासून पाहिलंय, त्या खलाशाला ते सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते एवढंच की पट्टा चार बोटं रुंद हवा. मासेमारीची दोरी किंवा तार चालणार नाही, ती मांस कापते. पँटचा पट्टाही भरवशाचा नाही, तो पुरेसा आवळतच नाही. जागा जखमेच्या दोन-तीन इंच वर, गुडघा आणि कोपर सोडून. आणि माणूस ओरडेल. दुखतंय म्हणून सैल करणं हा सगळ्यात माणुसकीचा आणि सगळ्यात घातक मोह. बाजारात तयार टूर्निके मिळतात, त्यांच्या स्वस्तातल्या नकलाही मिळतात आणि त्यांचं दांडकं ऐन वेळी मोडतं. त्यापेक्षा पंचा आणि पाना बरा.

जांघ, काख आणि मानेचं मूळ इथे पट्टा बसत नाही. तिथे जखम भरायची असते, आणि ही कृती नवशिक्याला सगळ्यात नकोशी वाटते. स्वच्छ कापडाची लांब पट्टी घ्यायची, तिचं टोक बोटाने जखमेत आत सारायचं, रक्त जिथून येतंय असं बोटाला जाणवतं तिथवर. तिथलं बोट न काढता दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढची घडी आत, मग पुढची. पोकळी गच्च भरली की वर दोन्ही तळवे ठेवून कोपरं ताठ करायची आणि अंगाचा भार टाकायचा. निदान दहा मिनिटं. या दहा मिनिटांत 'थांबलं का' हे पाहायची जी ओढ लागते तिच्यावरून पुस्तकाला नाव दिलंय. कुतूहलाने कपडा उचलला की नुकती धरलेली गुठळी कपड्याबरोबर निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. कपड्यातून भळभळ चालूच असेल तर मात्र हात चुकीच्या जागी आहे असं समजायचं. मग एकदाच कपडा काढून, नेमकी जागा शोधून पुन्हा दाबायचं. हातमोजे नसतील तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवायची. पोट आणि छाती अशी भरायची नाही. घुसलेली वस्तू, मग तो पाकटीचा काटा असो की लोखंडी सळई, उपटायची नाही. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात, ते पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बंदरावर बर्फाला तोटा नाही, म्हणून ते थेट बर्फात टाकायची चूकही तिथेच होते.

रक्त गोठवणाऱ्या औषधी पट्ट्याही आता मिळतात. त्यांतल्या काही कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेल्या द्रव्याच्या. ॲक्सिओस्टॅट नावाची अशी भारतीय पट्टी आहे. जीवन्याला कोळंबीची जी सालं कचऱ्यात जातात त्यांचा हा दूरचा पुतण्या. मिळाली तर जरूर ठेवावी, पण ती दाबाच्या जागी येत नाही, दाबाखाली येते.

बाहेरून थांबवता न येणाऱ्या रक्तस्रावाबद्दल पुस्तकात कमी आहे, कारण वाचकाच्या हाताला तिथे कामच कमी आहे. पोटात, छातीत, मोडलेल्या मांडीत लिटरभर रक्त एक थेंब न सांडता जातं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा तर आजही मातामृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. अशा माणसाला गरम पांघरायचं, पाणी-चहा पाजायचा नाही आणि वाटेत वेळ घालवायचा नाही. गारठलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही, म्हणून पावसात भिजलेल्या जखमीचे कपडे बदलणं हाही उपचारच. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे वीस हजारांवर जखमींच्या चाचणीतून सिद्ध झालं. ते देणं डॉक्टरांचं काम. आपलं काम त्या तीन तासांत तिथे पोचवणं.

हे पुस्तक आत्ताच का, याचं एक कारण कायद्यातलं आहे. 'पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार' ही सबब इतकी वर्षं खरीच होती. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीला आधी उपचार, कागद मागून, असं डॉक्टरांना बजावलं. मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्या वाटसरूंना संरक्षण देणाऱ्या सूचना त्याच न्यायालयाने बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम १३४अ आणलं. रस्त्यावरच्या जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर आता दावा लागत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. दुसरं कारण २०१४ पासून राज्यभर धावणाऱ्या १०८ च्या गाड्या. सुरुवातीला त्या ९३७ होत्या. त्यांच्यामुळे एक नवा आळस आला, फोन केला की कर्तव्य संपलं असं वाटायला लागलं. निसर्ग वादळाने हा भ्रम उतरवला. झाडं आडवी पडून रस्ते बंद, वीज नाही, मोबाइलचे मनोरे मुके. पत्रे उडून, कौलं फुटून जखमा होत होत्या त्याच दिवशी फोन लागत नव्हता. तेव्हा जे होतं ते शेजारी होतं.

पुस्तक त्या शेजाऱ्यासाठी आहे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना यात नवं काही मिळणार नाही, त्यांनी हवं तर चित्रं वापरावीत. प्रकरणं अवयवांप्रमाणे लावलेली नाहीत. वाडी, होडी, खडक, रस्ता, घर अशी जागेप्रमाणे लावली आहेत, कारण हाताशी काय असेल हे जागेवर ठरतं. काही गोष्टी त्यामुळे दोनदा येतात. त्या तशाच ठेवल्या आहेत, कारण होडीवाला घराचं प्रकरण वाचेलच असं नाही. भाषा वर्गात बोलतो तीच आहे. प्रत्येक कृतीसाठी जोडीदार लागतो, तेव्हा एकट्याने वाचून काढू नये. एकाने वाचावं आणि दुसऱ्याच्या मांडीवर पंचा आवळून बघावा. खोट्या जखमेसाठी स्पंज आणि रंगीत पाणी कसं वापरायचं तेही दिलं आहे. नाखवा, बागायतदार, शाळेतले पी.टी. चे सर आणि आशाताई, या चौघांपर्यंत पुस्तक पोचलं तर गावभर पोचलं असं मी समजेन.

शेवटच्या पानावरचा तक्ता फाडून होडीच्या केबिनमध्ये किंवा वाडीच्या खोपटात लावायचा आहे. त्यावर १०८ आणि ११२ छापले आहेत. खाली तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत, जवळच्या दवाखान्यासाठी, रात्री उठून येईल अशा गाडीवाल्यासाठी आणि बंदरावरच्या एखाद्या माणसासाठी. ते नंबर पेन्सिलीने लिहा. गाडीवाले बदलतात.